घड गेला, खोड राहिले

गेल्या पौषात फैजपूरच्या बाजूला एका जुन्या खातेदाराच्या मळ्यात भरताच्या जेवणाला गेलो होतो. खानदेशात हिवाळ्यातल्या भरताचे आमंत्रण नाकारायचे नसते. वांगी बामणोदची आणि ती भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्याकडे भरीत म्हणण्याची पद्धत नाही. पऱ्हाट्यांचा जाळ भराभर पेटतो, भराभर खाली बसतो, आणि जाताना वांग्याला धुराचा जो वास लावून जातो त्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले डिसेंबरात घरी येतात. वाढायला केळीची पाने होती. पानात केळ आणि जाळात कपाशी! खानदेशाची दोन्ही मोठी पिके त्या एका पंगतीला हजर होती, आणि तीही आपल्या टाकाऊ रूपात.

जेवण झाल्यावर हात धुवायला बांधाकडे गेलो तर पुढे जाववेना. घड उतरवून झालेल्या बागेतली खोडे बांधाला ढीग करून टाकलेली. खालची काळी पडून सडू लागलेली, वरची अजून ओली, पांढरीशुभ्र, माणसाच्या मांडीहून जाड. मळ्याचे मालक, त्यांना आपण नाना म्हणू, मागून आले.

"साहेब," ते म्हणाले. बँक सोडून मला काही वर्षे झाली, पण ज्याने कधी कर्ज मंजूर केले त्याला लोक शेवटपर्यंत साहेबच म्हणतात. "घड व्यापारी नेतो. खोड माझ्या उरावर ठेवून जातो. ते काढायची मजुरी वेगळी, ट्रॅक्टर वेगळा. अन् नेऊन टाकायचं कुठं? नाल्यात." मग जरा थांबून म्हणाले, "आता म्हणे ही खोडं मोठ्या कुकरात घालून शिजवतात आणि त्याचा कोळसा होतो. माझा नातू सांगत होता. खरं का हो?"

खरे आहे, असे मी तिथल्या तिथे सांगून टाकले. पण घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की नानांच्या प्रश्नाला 'हो' म्हणणे सोपे होते; 'किती' आणि 'कुणाला' हे खरे प्रश्न पुढेच होते. या लेखात तोच हिशेब मांडायचा आहे.

केळ हे झाड नव्हेच. आपण ज्याला खोड म्हणतो ती पानांच्या देठांची एकात एक गुंडाळलेली चळत असते. एक खोड एकदाच घड देते. घड उतरला की त्याचे काम संपले. शेजारचे पिल वाढवून पिलबाग घ्यायची किंवा सगळे काढून नवी लागवड करायची. हेक्टरी साठ ते ऐंशी टन ओला माल असा मागे राहतो. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या तालुक्यांत मिळून केळीखाली सुमारे पन्नास हजार हेक्टर धरले, तर वर्षाकाठी तीस लाख टनांचा आकडा होतो. पूर्वीही खोडे निघतच. पण १९९० च्या दशकात टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आली, ठिबक आले, बागा एकदम लागू लागल्या आणि एकदम निघू लागल्या. मृगबाग आणि कांदेबाग असे दोन हंगाम, आणि दोन्हींच्या शेवटी हा डोंगर.

काही जाणते शेतकरी खोडाचे तुकडे करून बागेतच कुजवतात. जमिनीला त्याच्याइतके चांगले खाणे नाही. ज्याला हे जमते त्याने बाकीचा लेख वाचला नाही तरी चालेल! पण खोडकिडा त्याच खोडांत घर करतो, सीएमव्हीचा रोग पडलेल्या बागेतली झाडे उपटून नष्टच करावी लागतात, आणि जून तोंडावर आलेला असताना पुढच्या लागवडीसाठी रान मोकळे करायची घाई असते. मग ट्रॉली भरते आणि नाल्याकडे जाते.

ही खोडे जाळता का येत नाहीत? कारण ती पाणी आहेत. शंभर किलो खोडात ब्याण्णव किलोच्या आसपास पाणी आणि जेमतेम आठ किलो कोरडा भाग. आता बँकेत आम्ही जमा-खर्च मांडत असू तसा उष्णतेचा जमा-खर्च मांडू. दहा टन खोड घेतले. त्यात कोरडा माल ८०० किलो. किलोला साडेतीन हजार किलोकॅलरी धरल्या तर जमा अठ्ठावीस लाख. पण ते पेटण्याआधी ९,२०० किलो पाण्याची वाफ करावी लागेल. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायलाच ५४० किलोकॅलरी लागतात, शिवाय उकळीपर्यंत आणण्याचा खर्च. बेरीज छप्पन लाखांच्या पुढे जाते. जमा अठ्ठावीस, खर्च छप्पन! उन्हात वाळवणे फुकट, हे खरे. पण आठवड्यांमागून आठवडे रान अडकते आणि वाळण्याआधी खोड सडते. वर खोडात पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर. त्याने राख वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांना चिकटते. म्हणून वीजकेंद्रवालेही तोंड फिरवतात.

इथे नानांच्या नातवाचा कुकर येतो. शास्त्रज्ञ त्याला हायड्रोथर्मल प्रक्रिया म्हणतात. तत्त्व घरातल्या कुकरचेच. झाकण बंद केले, दाब वाढला, की पाणी शंभर अंशांना उकळायचे थांबते. आपल्या कुकरात ते १२० अंशांपर्यंत जाते आणि तासाभरात शिजणारी डाळ तीन शिट्यांत शिजते. भांडे जाड पोलादाचे केले आणि दाब हवेच्या दाबाच्या सोळा पट नेला, तर २०० अंशांनाही पाणी पाणीच राहते. अशा पाण्यात खोडाचे तुकडे काही तास ठेवले की तंतूंमधल्या शर्करा तुटतात, त्यांच्यातले पाण्याचे रेणू गळून पडतात आणि कार्बनचे प्रमाण वाढते. चिवट धागा ठिसूळ होतो, बोटाने चुरतो. हाती येतो तो काळसर-तपकिरी भुगा. धरतीला ज्या कामाला लाखो वर्षे लागली ते काम काही तासांत, असे याचे वर्णन केले जाते. थोडी अतिशयोक्ती आहे, पण खोटे नाही.

कल्पना नवी नाही. फ्रीडरिश बर्गियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्येच वनस्पतीतला सेल्युलोज दाबाखालच्या गरम पाण्यात ठेवून कोळशासारखा पदार्थ मिळवला होता. उच्च दाबाच्या रसायनक्रियांवरील कामासाठी १९३१ चे नोबेल पारितोषिक त्याला कार्ल बॉशबरोबर विभागून मिळाले. पुढे जगाला जमिनीतून स्वस्त तेल मिळू लागले आणि बर्गियसचे हे काम कपाटात गेले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेत मार्कुस अँटोनिएट्टी यांनी ते पुन्हा बाहेर काढले.

यात मेख अशी की पाण्याची वाफ करायचीच नाही. त्यामुळे ते ५४० चे ओझे उतरते. एक किलो पाणी २०० अंशांपर्यंत नुसते तापवायला १८० किलोकॅलरी पुरतात. आता तीच दहा टन खोडे कुकरात घालू. खर्च अठरा लाख. हाती कोळसा येईल चारशे किलोच्या आसपास, कारण कोरड्या मालातला अर्धाअधिक भाग पाण्यात विरघळतो किंवा वायू होऊन जातो. किलोला ४,८०० किलोकॅलरी धरल्या तर जमा एकोणीस लाख. म्हणजे एवढा खटाटोप करून शिल्लक एक लाख! हे गणित पहिल्यांदा सुटले तेव्हा मी ते तीनदा तपासले. कुकर जादूचा असल्याच्या बातम्या छापणाऱ्यांनी एकदा तरी ते करायला हवे होते.

पण खोड आधी पिळले तर? उसाच्या चरकासारख्या लाटांमधून काढून दहा टनांतले सात टन पाणी आधीच वेगळे केले तर कुकरात जाईल तीनच टन माल, आणि खर्च येईल पाच लाखांवर. रसाबरोबर थोडा घन भागही जाईल, म्हणून जमेला सतरा लाख धरू. शिल्लक बारा लाख. शिवाय एका कुकरातून निघणाऱ्या गरम पाण्याने पुढचा घाणा तापवता येतो. चांगली यंत्रे हेच करतात. म्हणजे आधी चरक, मग कुकर. हा क्रम चुकला की सगळे चुकले.

आणि चरकातून निघालेला रस फेकायचा नाही. आपल्या देशात पोटॅश खताची खाण नाही म्हणावी अशी स्थिती. म्युरिएट ऑफ पोटॅश आपण बाहेरून आणतो. आणि केळ हे पालाशचे खादाड पीक. शेतकरी पैसे मोजून ते घालतो, त्यातला मोठा हिस्सा खोडात साठतो आणि नाल्यात जातो. आसामात केळीची राख पाण्यातून गाळून 'कोलाखार' करतात आणि स्वयंपाकात वापरतात. ती मंडळी हे पिढ्यान् पिढ्या ओळखून आहेत. भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसले की ज्या मुलखात उतरतो, तिथल्या नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या बाहेरच्या थरापासून धागा, रसापासून द्रवखत आणि मधल्या गाभ्यापासून कँडी करून दाखवली आहे. माझ्या मते कुकराला या रांगेत शेवटचे स्थान आहे: धागा निघाला, रस निघाला, उरला तो ओला चोथा, जो कुणालाच नको. तो कुकराचा.

कारण नुसत्या कोळशावर हा धंदा उभा राहत नाही. चारशे किलो कोळसा. धरा किलोला आठ रुपये. आले ३,२०० रुपये. त्यातून दहा टन खोडांची तोडणी, भरणी, वाहतूक, चरकाची वीज, माणसाचा पगार, यंत्राचा हप्ता. माझ्या टेबलावर असा प्रस्ताव आला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता.

मग परदेशात कसे चालते? स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ २०१० पासून असा कारखाना ओल्या कचऱ्याचा कोळसा करतो आहे. नॉर्वेतल्या हामार गावी १९९५ मध्ये सांडपाण्याचा गाळ दाबाखाली शिजवायला सुरुवात झाली, आणि पुढे ती पद्धत वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. पण तिकडच्या जमाखर्चात एक ओळ असते जी आपल्याकडे नसते. कचरा घेऊन जाण्याबद्दल कारखान्याला पैसे मिळतात. नगरपालिका ते देते, कारण उघड्यावर टाकायला कायद्याने बंदी आहे आणि ती बंदी पाळली जाते. आपल्याकडे नाला फुकट आहे. नाला फुकट असेपर्यंत कुकर महागच वाटणार. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका ओला कचरा आणि गाळ वाहून नेण्यावर आजच खर्च करतात. पहिला कुकर शेतापेक्षा तिथे बसवण्यात अधिक शहाणपण आहे, असे मला वाटते.

आता धुळ्याकडे वळू, कारण पांझरेच्या काठी प्रश्न नेमका उलटा आहे. तिथे केळी थोडी, कपाशी फार. जळगावात पाच लाख हेक्टरच्या आसपास आणि धुळ्यात दोन लाखांवर कपाशी असते. कोरडवाहू रानात हेक्टरी दोन टन पऱ्हाट्या धरल्या तरी ढीग चौदा लाख टनांचा. पऱ्हाटी वाळलेली, टणक, छान जळणारी. तिला पाणी पाजून मग कुकरात शिजवणे म्हणजे वाळलेले पापड भिजवून परत वाळवण्यासारखे आहे. तिच्या नुसत्या गोळ्या दाबाव्यात, फळ्या कराव्यात किंवा कमी हवेत भाजून जमिनीत घालायचा कोळसा करावा. मुंबईला माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संस्था १९२४ पासून कापसाचा अभ्यास करते आहे. पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र तिनेच दिले. कोरड्या काडीला गरम पाण्याचा उपयोग आहे तो इथेनॉलच्या कारखान्यात. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेल्या, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचे तंत्र पुण्याच्या प्राजचे आहे. तिथे पेंढ्याचे तंतू वाफेने आणि सौम्य आम्लाने आधी उकलावे लागतात. कुकराचाच तो चुलतभाऊ. पण तो शेकडो कोटींचा खेळ आहे, गावकीचा नव्हे.

खोड आणि पऱ्हाटी दोघांनाही 'जैविक कचरा' या एकाच सरकारी शब्दात बांधले जाते, तिथेच घोटाळा होतो. केळीच्या ट्रॉलीत आपण पाणी वाहतो, पऱ्हाटीच्या ट्रॉलीत हवा. दोन्हींचे भाडे मात्र डिझेलच्या भावाने.

या हवेच्या ट्रॉलीचा मला अनुभव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या शाखेत नवा अधिकारी होतो. पऱ्हाट्यांपासून फळ्या करण्याचा एक प्रस्ताव आला. अहवाल सुबक, टंकलिखित, नकाशांसह. त्यात कच्च्या मालाच्या रकान्यात लिहिले होते: टाकाऊ, फक्त वेचणीचा खर्च. मी तेव्हा तरुण होतो, शिफारस केली. कारखाना उभा राहिला. पहिल्या वर्षी काडी मिळाली. दुसऱ्या वर्षी गावाने विचारले, आमच्या काडीचा भाव काय? आणि एका वस्तीवर बायकांनी ट्रॉली अडवली. त्यातली एक म्हणाली, "सरपण तुम्ही नेता, मग चूल कशावर पेटवू? तुमच्या फळीवर?" तो प्रश्न अहवालात कुठेच नव्हता. पाचव्या वर्षी कारखान्याला कुलूप लागले आणि कर्ज थकीत झाले. त्यावर शिफारशीची सही माझी होती.

तेव्हापासून 'टाकाऊ' हा शब्द दिसला की मी विचारतो, कुणाच्या दृष्टीने? वस्तूला गिऱ्हाईक भेटले की ती टाकाऊ राहत नाही. तिला मालक फुटतो, भाव फुटतो. ते बरोबरच आहे. चूक त्या हिशेबाची, जो शून्य भाव धरून मांडला जातो. आज उज्ज्वला योजनेनंतर, म्हणजे २०१६ पासून, गॅसच्या टाक्या वाड्या-वस्त्यांवर पोहोचल्या, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने हाहाकार केल्यावर पऱ्हाट्या शेतात ठेवू नका असे कृषी खाते सांगू लागले, आणि पऱ्हाट्या बांधावरच पेटू लागल्या. सरपणाची ओढ कमी झाली आहे, संपलेली नाही. टाकी परत भरायला पैसे नसले की चूल पुन्हा काडीच मागते.

गिऱ्हाईकही आता दारात आहे. ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण काढले की औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के जैविक गोळ्या मिसळाव्यात. मुदती पुढे सरकल्या, पण दिशा ठरली. भुसावळजवळचे दीपनगर केळीच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आहे. पऱ्हाटीच्या गोळ्या तिथे जाऊ शकतात. कुकरातला कोळसाही जाऊ शकतो, कारण गरम पाण्यात पालाश बराचसा धुऊन निघतो आणि बॉयलरवाल्याची तक्रार कमी होते. पण दीपनगरचा भाव हा खाणीतल्या कोळशाशी बांधलेला भाव असणार. तिथे शेतकऱ्याने एकटे जाऊन उपयोग नाही. वीस-पंचवीस बागाईतदारांच्या गटाने, शेतकरी कंपनीने, स्वतःचा चरक आणि स्वतःचा धागा घेऊन जावे, आणि खोडाला किलोमागे काही पैसे का होईना, पण पहिल्या दिवसापासून भाव लावावा. खानदेशातल्या साखर कारखान्यांची धुराडी, साक्रीच्या पांझरा-कानची, चाळीसगावच्या बेलगंगेची, थंडावताना माझ्या पिढीने पाहिली. यंत्र आधी आणि माल नंतर, हा क्रम आपल्याला परवडलेला नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तीच मला सर्वांत जास्त सतावते. कुकर उघडल्यावर कोळशाबरोबर गडद तपकिरी, उग्र वासाचे पाणी निघते. त्यात विरघळलेली आम्ले असतात, फिनॉलच्या जातीची रसायने असतात. पालाशही असते, म्हणून कुणीतरी हमखास सांगेल की हे खतच आहे, सोडा रानात. तसेच सोडले तर कोवळे मोड जळू शकतात आणि विहिरीत उतरले तर काय होते ते मळीच्या डिस्टिलऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या गावांना विचारावे. हे पाणी आधी गोबरगॅससारख्या बंद टाकीत जिरवावे लागते. त्यातून गॅस मिळतो, तो कुकर तापवायला कामी येतो. करता येते. पण टाकीला पैसे लागतात आणि प्रकल्प अहवालात टाकीची ओळ सगळ्यात आधी खोडली जाते. शिवाय सोळा पट दाबाचे भांडे म्हणजे गंमत नव्हे. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला आहे. लोहाराकडून टाकी जोडून घेऊन चालणार नाही.

जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. एका कांदेबागेच्या हंगामात एक छोटा चरक आणि एक छोटा कुकर रावेरच्या एखाद्या गटाला चालवायला देऊन रोजची वही ठेवता येईल: किती खोड आले, किती रस, किती कोळसा, किती सरपण जळले, आणि ते तपकिरी पाणी कुठे गेले. अशी दोन हंगामांची वही असती तर मी शाखेत असतानाही कर्जाची शिफारस केली असती, एक सही पोळलेली असूनही.

परवा नानांचा फोन आला होता. मी त्यांना अठरा लाख आणि एकोणीस लाखांचे गणित सांगितले, मग चरकाचे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "ते घाण पाणी सोडायचं कुठं, साहेब? खालच्या अंगाला माझ्या भावाची विहीर आहे." मी टाकीचे सांगू लागलो. तेवढ्यात पलीकडून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि नाना म्हणाले, थांबा जरा, ट्रॉली भरली आहे, ती रिकामी करून येतो.